सर दुकानात, आवाज कॉलेजात

मागच्या आठवड्यात एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर दोन पोरं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. इअरफोन नव्हता, आवाज मोठा केलेला. मोबाइलमधून कुणीतरी विचारत होतं, "मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून तुमची आई भाजीत मीठ निम्मं टाकते का? नाही ना? मग हीच ती अलवचिक मागणी."

आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच. त्याच दिवशी सकाळी तालुक्यात युरिया का मिळत नाही याची बातमी करायला मी एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो, आणि शिल्लक साठ्याचे आकडे मला ह्याच आवाजाने सांगितले होते.

पोरांना विचारलं, हे सर कोण रे?

"आमच्या कॉलेजचे आहेत काका."

कधी पाहिलंय का त्यांना?

"नाही. ते ऑनलाइनचे सर आहेत."

ऑनलाइनचे सर! ज्या माणसाबद्दल ही पोरं बोलत होती तो स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर खताच्या दुकानात हिशेब लिहीत बसलेला असतो. अर्थशास्त्रात एम.ए., सेट पास. आपल्याच तालुक्यातल्या एका कॉलेजात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. २०२२ साली वर्कलोड बसत नाही म्हणून त्यांना बोलावणं बंद झालं. कॉलेजचं नाव देत नाही. एकाच कॉलेजला झोडपायचं म्हणून ही पोस्ट लिहिलेली नाही, आणि असे सर एकटे नाहीत हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे.

आता हा आवाज कॉलेजच्या यूट्यूब चॅनलवर गेला कसा, ते सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली. आधी झूम, गूगल मीट झालं. आपल्याकडे रेंज किती आणि घरात मोबाइल किती हे सगळ्यांना ठाऊक आहे. वडील मोबाइल घेऊन शेतात गेले की पोरगी तासाला गैरहजर. मग वरून सूचना आली की थेट तास जमत नसेल तर लेक्चर रेकॉर्ड करून टाका, मुलं सवडीने बघतील. कल्पना चांगलीच होती, आजही चांगली आहे. सरांनी पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड केल्या आणि त्यावर आपला आवाज भरायला सुरुवात केली. 'व्हॉइसओव्हरवाली पीपीटी' म्हणायचे त्याला.

लॅपटॉप त्यांचा, तोही हप्त्यावर घेतलेला. माइक म्हणजे मोबाइलचा इअरफोन. दिवसभर घरात कुकरची शिट्टी, दारात भाजीवाला, शेजारी बोअरची मोटर. म्हणून रात्री अकरानंतर बसायचे, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, करून बघितलं आणि कळलं. पहिला व्हिडिओ करायला त्यांना तीन रात्री लागल्या. कुठे अडखळले की पहिल्यापासून सुरुवात, कुत्रं भुंकलं की पहिल्यापासून सुरुवात.

नंतर त्यांना समजलं की पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळा साठवतो. सातव्या स्लाइडवर चूक झाली तर सातवीच परत बोलायची, बाकीच्या सहांना हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट कळली. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना बोलत राहिलं तर मधले शब्द गळतात, म्हणून स्लाइड संपली की थांबायचं, बटण दाबायचं, मग पुढचं वाक्य. साध्या गोष्टी आहेत, पण त्या काळात त्या सांगणारं कुणी नव्हतं. प्रशिक्षण म्हणून जे झालं ते दोन तासांचं वेबिनार. त्यात पहिला पाऊण तास स्वागत आणि प्रास्ताविक, शेवटी प्रमाणपत्राची लिंक.

सरांनी एकूण चाळीसच्या वर व्हिडिओ केले. मानधन तासावर होतं, आणि रात्री तीनपर्यंत जागून केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे किती तास हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. वेगळे पैसे मिळाले नाहीत. त्यांनी मागितलेही नाहीत. "तेव्हा माणसं मरत होती हो, पैशाचं कसं बोलणार," असं ते मला म्हणाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये लगेच 'पत्रकार तंत्रज्ञानाच्या विरोधात' असं सुरू होईल. मी रेकॉर्डिंगच्या विरोधात नाही. उलट आपल्यासारख्या तालुक्याला शहरापेक्षा त्याची जास्त गरज आहे. आपल्याकडची पोरं दसरा-दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. कॉलेजचं अर्धं वर्ष फडात जातं. अशी एक मुलगी मला माहीत आहे. कारखान्याच्या तळावर कोपीत राहायची, लहान भावंडं सांभाळायची, रात्री सगळे झोपले की सरांचे व्हिडिओ बघायची. तिला थेट तासाचा काय उपयोग होता? तास सकाळी साडेदहाला, आणि साडेदहाला तिच्या डोक्यावर मोळी. रेकॉर्ड केलेला तास मात्र तिच्यासाठी रात्री अकरालाही भरायचा. ती बी.ए. झाली.

दुसरं म्हणजे थांबवता येतं, मागे नेता येतं. वर्गात "सर, परत सांगा" म्हणायला किती पोरं हात वर करतात? मी तरी कधी केला नाही. खान अकॅडमीवाल्या सलमान खानची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. २००४ साली तो अमेरिकेत दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या नादिया नावाच्या बहिणीला लांबून गणित शिकवत होता. पुढे आणखी भावंडं आली, तेव्हा २००६ मध्ये त्याने व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकले. आणि भावंडांनी सांगितलं की तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओत बरा वाटतोस. कारण साधं होतं. व्हिडिओतल्या माणसाला दहा वेळा मागे नेलं तरी तो चिडत नाही आणि आपल्याला लाजही वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे? आधी छोटी अडचण, मग मोठी.

छोटी म्हणजे बहुतेक व्हिडिओ बघवत नाहीत. मी गेल्या चार दिवसांत आपल्या भागातल्या तीन-चार कॉलेजांचे चॅनल चाळले. स्लाइडवर गाइडमधला अख्खा परिच्छेद चिकटवलेला आणि मागून तोच परिच्छेद वाचल्याचा आवाज, असं पन्नास मिनिटं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की पेपरातली बातमी रेडिओवर वाचायची नसते, कानासाठी वेगळं लिहावं लागतं. इथेही तेच. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्र आणि आवाज असेल तर माणूस चांगला शिकतो, आणि बोललेली तीच वाक्यं पुन्हा पडद्यावर लिहून दाखवली तर उलट कमी शिकतो, कारण डोळे वाचत बसतात आणि कान वेगळीकडे ओढतात. लांबीचंही तसंच. २०१४ साली एडएक्सवरच्या चार अभ्यासक्रमांचे सुमारे ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंचे तपशील तपासले गेले. व्हिडिओ कितीही मोठा असो, बघणारा साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही असं त्यात निघालं. हार्वर्ड आणि एमआयटीने काढलेल्या एडएक्सची ही गत, तर आपली पोरं पन्नास मिनिटं बघतील?

पण कॉलेजला पन्नास मिनिटांचाच व्हिडिओ हवा होता. एक तास म्हणजे एक व्हिडिओ, म्हणजे नोंदवहीत एक ओळ. सरांनी सुरुवातीला आठ-आठ मिनिटांचे तुकडे केले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे तास म्हणून धरता येणार नाहीत. त्यांनी वाद घातला, मग तोडगा निघाला की सहा तुकड्यांची एक यादी करायची आणि ती एक तास धरायची. म्हणून त्यांचे व्हिडिओ आजही बघितले जातात. मिठाचं उदाहरण दिलेल्या स्लाइडवर फक्त मिठाच्या पुडीचा फोटो आहे आणि दोन शब्द. बाकी सगळं ते बोलतात, आणि आपल्या बोलीत बोलतात. फाइलही लहान ठेवायचे. स्लाइडला ४८० पुरतं, उगीच फुल एचडी करून पोरांचा डेटा खायचा नाही असं त्यांचं म्हणणं.

(जाता जाता. आमच्या पिढीने बालचित्रवाणी बघितली आहे. शिकवण्याचे कार्यक्रम टीव्हीसाठी तयार करणारी ती पुण्यातली सरकारी संस्था २०१७ मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी कोविड आला आणि सह्याद्री वाहिनीवर पोरांना काय दाखवायचं म्हणून धावपळ. २०२० च्या जुलैत 'टिलीमिली' सुरू झालं, चांगलं होतं. पण आधीची माणसं आणि त्यांचा अनुभव तोवर पांगला होता. ह्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

आता मोठी अडचण.

त्या कॉलेजात अर्थशास्त्राचे पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त होऊन सात वर्षं झाली. जागा भरलेली नाही. तासिकेवरचे सरही गेले. सध्या कॉमर्सचे एक सर जमेल तसे तास घेतात. आणि पोरांनी तक्रार केली की सांगितलं जातं, चॅनलवर सगळे व्हिडिओ आहेत, बघा. तपासणीला समिती येते तेव्हा अहवालात 'ई-कंटेंट उपलब्ध' असं लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. म्हणजे अडचणीच्या काळात एका माणसाने रात्री जागून जे केलं, तेच आज त्याच्या जागेवर माणूस न नेमण्याचं निमित्त झालं आहे.

प्राचार्यांशी मी बोललो. त्यांची बाजू खोटी नाही. ते म्हणाले, "जागा मंजूर करणं माझ्या हातात आहे का? भरती किती वर्षं अडकलीय तुम्हीच बातम्या देता. व्हिडिओ काढून टाकले तर पोरांना तेवढंही मिळणार नाही." शेवटचं वाक्य मला पटलं. व्हिडिओ काढून टाका असं सरांचंही म्हणणं नाही. मग मी विचारलं, सरांशी काही लेखी आहे का? व्हिडिओ कुणाचे, किती वर्षं वापरायचे, नाव राहणार की नाही? प्राचार्य म्हणाले, "कॉलेजसाठी केले म्हणजे कॉलेजचे. त्यात लिहायचं काय?"

कायदा इतका सरळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' कोण याची व्याख्या आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि त्याच यादीत व्याख्यान देणारा माणूस. होय, गारुड्याच्या शेजारी प्राध्यापक. या लोकांना आपल्या सादरीकरणावर हक्क असतात आणि ते ५० वर्षं टिकतात. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक साधारणपणे नोकरी देणारा हेही त्याच कायद्यात आहे, आणि खऱ्या अध्यापनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूटही आहे. तासावर पैसे घेणारा, सुट्टीचा पगार नसलेला माणूस 'नोकरीत' धरायचा का, हे भांडण वकिलांचं. मी वकील नाही. कोर्टात काय निघेल ते निघो, पण ज्या गोष्टीवर इतके फाटे फुटतात तिच्याबद्दल एका पानावर दोन सह्या असू नयेत? किराणा दुकानातल्या उधारीलाही वही असते.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये कॉन्कॉर्डिया विद्यापीठ आहे. २०२१ च्या जानेवारीत तिथे कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याला व्हिडिओतले प्राध्यापक फार आवडले. त्यांना ईमेल करायचा म्हणून त्याने नेटवर नाव शोधलं, तर मृत्यूची बातमी सापडली. प्रा. फ्रांस्वा-मार्क गान्यों २०१९ मध्येच वारले होते. जगभर गाजलं ते. पण त्यातली एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोललं नाही. तिथे तो कोर्स चालवायला दुसरे प्राध्यापक आणि मदतनीस नेमलेले होते, प्रश्नांना उत्तरं द्यायला हाडामांसाची माणसं होती. व्हिडिओ साधन म्हणून वापरला जात होता. तरीही लोकांना ते खटकलं. आपल्याकडे सर धडधाकट आहेत, दहा मिनिटांवर आहेत, आणि प्रश्नांना उत्तर द्यायला मात्र कुणी नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. सरांचा एक व्हिडिओ आहे, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणावर. २०२० च्या ऑगस्टमध्ये केलेला. त्यात ते म्हणतात, "सध्या रेपो दर ४ टक्के आहे." तेव्हा होताच, त्या मे महिन्यातच ४ वर आणला होता. २०२२ च्या मेपासून तो वाढत गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहा झाला, २०२५ मध्ये पुन्हा खाली येऊ लागला. सरांचा आवाज मात्र 'सध्या' चारच सांगतोय. अभ्यासक्रमही नव्या शैक्षणिक धोरणाने बदलला, व्हिडिओत जे प्रकरण तिसरं आहे ते आता तिसरं राहिलेलं नाही. त्या व्हिडिओखाली एका मुलीची कमेंट आहे: "सर चाचणीत ४ टक्के लिहिलं तर चूक दिलं बरोबर काय आहे". विरामचिन्ह नाही, उत्तरही नाही. दोन वर्षं ती कमेंट तशीच आहे.

ही कमेंट मी सरांना दुकानात दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली. खताच्या पावत्यांवरून हात पुसला, परत वाचली. म्हणाले, "माझ्या नावाने चुकीचं शिकवलं जातंय की हो." चॅनलचा पासवर्ड त्यांच्याकडे कधीच नव्हता. आणि त्या चॅनलवर जे प्रश्न येतात ते बघणं हे कुणाचंच काम नाही.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजने आणि ज्युनिअर कॉलेजने असे व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकाशी एक पान लिहून करावं. नाव राहील, किती वर्षं वापरू, जुनं झालं की दुरुस्त करायला बोलावू आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे देऊ. माणूस कॉलेज सोडून गेला तरी हे लागू राहील. आणि जिथे शिकवणारा माणूस नाही तिथे अहवालात 'ई-कंटेंट उपलब्ध' याच्या शेजारी 'शिक्षक नाही' हेही लिहावं. विद्यापीठाच्या समितीतल्या मंडळींपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर पुढच्या भेटीत व्हिडिओ किती हे विचारू नका. खालच्या कमेंटला उत्तर कोण देतं ते विचारा.

पुढचं सांगून थांबतो. त्या रात्री सरांनी जुना लॅपटॉप काढला. मूळ पीपीटी होती त्यांच्याकडे. नववी स्लाइड उघडली, जुना आवाज काढला आणि नवा भरला. यावेळी आकडा सांगितलाच नाही. रेपो दर बदलत असतो, आजचा आकडा रिझर्व्ह बँकेच्या साइटवर कुठे बघायचा ते सांगितलं. काम वीस मिनिटांचं. यूट्यूबवर जुन्या लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, नवीन टाकावा लागतो, म्हणून तयार फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून माझ्याकडे दिली. "तुम्ही जाताच आहात तिकडे, देऊन टाका. माझं नाव नाही घातलं तरी चालेल."

काल मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. क्लार्कने पेनड्राइव्ह उलटासुलटा करून बघितला, आवक रजिस्टर उघडलं, तारीख टाकली आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "कुणाकडे पाठवायचं लिहू? अर्थशास्त्र विभागात सध्या कुणी नाहीये."